रिपोर्टवर ‘लो’ छापलंय, मग कोर्टिसोल जास्त कसं?

या वेळी थायरॉईडची पत्रं बाजूला ठेवलीयत. गेल्या दोन-तीन महिन्यांत मूत्रपिंडावर असणाऱ्या ग्रंथीच्या, म्हणजे अ‍ॅड्रेनलच्या गाठीबद्दल इतकं विचारलं गेलंय की अख्खा कॉलम त्यावरच करावा असं ठरलं. कारणही सरळ आहे, हल्ली पोटात जरा दुखलं की सीटी स्कॅन होतो, आणि ज्यासाठी केला ते राहतं बाजूला, भलतंच काहीतरी सापडतं. प्रश्न थोडे कापलेत, नावं काढलीयत.

डॉक्टर, नमस्कार. वय ५४, सोलापूरला शाळेत शिकवते. मार्चमध्ये कुशीत भयंकर दुखलं म्हणून सीटी केला, मुतखडा निघाला, तो पडूनही गेला. पण रिपोर्टमध्ये खाली एक ओळ होती, डाव्या अ‍ॅड्रेनल ग्रंथीवर २.४ सेंटिमीटरची गाठ. घरात सगळ्यांची झोप उडाली. डॉक्टरांनी रात्री गोळी घेऊन सकाळी रक्त द्यायची टेस्ट सांगितली. आकडा आला ३.१ आणि त्याच्यासमोर ‘लो’ छापलंय. लॅबवाला म्हणतो कोर्टिसोल कमी आहे, डॉक्टर म्हणतात जास्त आहे. खरं कोण? गाठ कॅन्सरची नाही म्हणतात, मग हार्टच्या तपासण्या कशाला? बीपीच्या दोन गोळ्या ८ वर्षं चालू आहेत, तीन महिन्यांची शुगर ६.३.

ताई, तुमचे डॉक्टर खरं बोलतायत, लॅबवाला पण खोटं बोलत नाहीये, त्याच्या मशीनला फक्त माहीत नाहीये की तुम्ही रात्री गोळी घेतली होती. हा घोळ मी महिन्यातून दोनदा तरी बघतो. रिपोर्टवर जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती सकाळी उठून साधं रक्त दिलं तर किती कोर्टिसोल असावं याची, म्हणजे साधारण ६ ते १८ वगैरे, प्रत्येक लॅबची थोडी वेगळी. ३.१ त्याच्या खाली आहे म्हणून कॉम्प्युटरने ‘लो’ छापलं. पण तुमची टेस्ट साधी नव्हतीच.

ती टेस्ट काय करते ते सांगतो. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली ही ग्रंथी, एकेका बाजूला जेमतेम ४-५ ग्रॅमची, ती मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या सांगण्यावरून कोर्टिसोल हे हार्मोन, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड, बनवते. पहाटे भरपूर, मध्यरात्री जवळपास शून्य. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन ही स्टेरॉईडची गोळी १ मिलिग्रॅम घेतली की पिट्युटरीला वाटतं अरे शरीरात स्टेरॉईड पुष्कळ आहे, आणि ती खाली निरोप पाठवणं बंद करते, मग सकाळी ८-९ ला कोर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅमच्या आत यायला पाहिजे. तुमचं ३.१ आलं. म्हणजे वरून ‘थांब’ सांगितलं तरी गाठ आपलं काम चालूच ठेवतेय, कुणाचं ऐकत नाहीये. म्हणून या टेस्टला १.८ हीच रेघ, छापलेल्या रेंजवर काट मारा, खरंच पेनने मारा, म्हणजे पुढच्या डॉक्टरचाही गोंधळ नाही होणार.

पूर्वी याला सबक्लिनिकल कुशिंग म्हणायचे. २०२३ च्या युरोपियन गाईडलाईनमध्ये नाव सरळ केलंय, सौम्य स्वायत्त कोर्टिसोल स्राव, आणि १.८ च्या वरचे सगळे या एकाच नावाखाली घेतलेत. गोल चेहरा, पोटावर जांभळे पट्टे, मानेमागे चरबीचा उंचवटा, हातपाय काडीसारखे, हे जे पूर्ण कुशिंग सिंड्रोमचं चित्र असतं ते यात नसतं. आरशात बघून काही कळत नाही. आणि सौम्यचं रूपांतर पुढे पूर्ण कुशिंगमध्ये होणंही फार दुर्मिळ, ती भीती मनातून काढून टाका.

कॅन्सरचं म्हणाल तर तुम्हाला नशिबाने योग्य स्कॅन आधीच झालाय. मुतखड्याचा सीटी इंजेक्शनशिवाय, म्हणजे साधा असतो, आणि अ‍ॅड्रेनलच्या गाठीची घनता मोजायला नेमका तोच लागतो. रिपोर्टमध्ये ‘एचयू’ नावाचा आकडा आहे का बघा, नसेल तर रेडिओलॉजिस्टला सीडी देऊन मोजून मागा, नवीन स्कॅनची गरज नाही. गाठ सगळीकडे एकसारखी असेल आणि आकडा १० किंवा त्याखाली असेल तर ती चरबीने भरलेली साधी गाठ, कॅन्सर नाही, आणि त्यासाठी दर सहा महिन्यांनी स्कॅन करत बसायचं कारणही नाही. अशा गाठी शेकड्याने सापडतात हो, सीटी केलेल्या १०० मोठ्या माणसांत चार-पाच जणांना, सत्तरीनंतर त्याहून जास्त.

आता हार्ट कशाला. कोर्टिसोल हे वाईट नाहीये, त्याच्याशिवाय माणूस जगत नाही. पण ते रात्री खाली यायला पाहिजे, आणि तुमच्या शरीरात ते पुरेसं खाली येत नाही, रोज, वर्षानुवर्षं. नळ पूर्ण बंद होत नाही, टपटप चालू राहतो, आणि टाकी कुठेतरी भरत जातेच ना, तसं. हे जास्तीचं कोर्टिसोल यकृताला साखर सोडायला लावतं, स्नायूंना इन्सुलिन ऐकू येईनासं करतं, चरबी पोटाच्या आत नेऊन ठेवतं, रक्तवाहिन्यांना अ‍ॅड्रेनलिनपुढे जास्त हळवं करतं म्हणजे त्या पटकन आवळतात. किडनीत कोर्टिसोलला निष्प्रभ करणारं एक एन्झाइम असतं, ते पुरं पडलं नाही की कोर्टिसोल मीठ धरून ठेवायला लागतं. रक्तही थोडं जास्त गोठायच्या बाजूला झुकतं. यातलं एकेक बघितलं तर किरकोळ, पण सगळं एकाच माणसात, १०-१५ वर्षं.

तुमचं बीपी ४६ व्या वर्षी सुरू झालं, शुगर काठावर आहे. हे सगळं गाठीमुळेच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, आपल्याकडे गाठ नसलेल्यांनाही हेच होतं. पण गाठ आहे आणि आकडा ३.१ आहे म्हटल्यावर तुमचं बीपी ‘वयानुसार थोडं वाढतंच’ म्हणून सोडून देता येत नाही. म्हणून ईसीजी, लिपिड, लघवीतलं प्रोटीन, आणि ८ वर्षांचं बीपी आहे म्हणून एक इको, मी पण हेच सांगितलं असतं. शिवाय दोन गोष्टी राहिल्यात. एक म्हणजे अल्डोस्टेरॉन (याच ग्रंथीचं मीठ धरून ठेवणारं हार्मोन) आणि रेनिन (किडनीतून येणारं, त्याला चालना देणारं) यांची रक्त तपासणी, कारण बीपी असलेल्या माणसात हीच गाठ अल्डोस्टेरॉनही बनवत असू शकते आणि त्याचं औषधच वेगळं आहे. दुसरी म्हणजे एसीटीएच, म्हणजे पिट्युटरी खाली पाठवते तो निरोप, ते १० च्या खाली असेल तर कोर्टिसोल गाठीतूनच येतंय याला दुजोरा मिळतो. ही नळी बर्फात ठेवून लगेच लॅबला जावी लागते, घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाने बाइकच्या डिकीत टाकून दोन तास फिरवली तर तो रिपोर्ट कचऱ्यात टाकायचा.

मी पुण्यात आयटीमध्ये आहे, वय ३१, महिन्यातून दोन आठवडे नाईट शिफ्ट. सोनोग्राफीत, मग सीटीत १.५ सेंटिमीटरची गाठ दिसली. डेक्साची टेस्ट २.६ आली. बीपी, शुगर एकदम नॉर्मल. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत. नेटवर वाचून वाचून रोज हार्ट अटॅक येतोय असं वाटतं.

आधी नेट बंद करा. तुमची टेस्ट मला मुळात मान्यच नाही.

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तातलं कोर्टिसोल वाहून नेणारं प्रोटीन वाढतं, आणि लॅब मोजते ते प्रोटीनला चिकटलेलं धरून सगळं कोर्टिसोल. त्यामुळे आकडा उगाच वर दिसतो, गाठीचा त्यात काही दोष नसतो. गोळ्या साधारण ६ आठवडे बंद ठेवून मग परत टेस्ट, अर्थात तोवर दुसरी सोय काय ते तुमच्या गायनॅककडे बोलून, नाहीतर टेस्ट करायला जाल आणि वेगळीच गुड न्यूज घेऊन याल. आणि नाईट शिफ्टच्या आठवड्यात टेस्ट करायची नाही, तुमच्या शरीराला तेव्हा रात्र कुठली आणि पहाट कुठली हेच माहीत नसतं. निदान आठ-दहा दिवस नीट रात्री झोपल्यावर करा.

हे विचारलंच आहे तर बाकीच्यांसाठीही सांगतो. फिट्सच्या काही गोळ्या, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, आणि टीबीचं रिफाम्पिसिन, ही औषधं डेक्सामेथासोन यकृतात पटापट तोडून टाकतात, म्हणजे गोळी घेतली पण पोचलीच नाही असं होतं आणि आकडा खोटा वाढतो. आणि सगळ्यात साधी चूक, डेक्साची गोळी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अर्ध्या मिलिग्रॅमची मिळते, म्हणजे दोन घ्यायच्या असतात, लोक एकच घेतात. एक काका तर गोळी सकाळी लॅबमध्ये पोचल्यावर घेऊन लगेच रक्त देऊन आले होते. आकडा आला १४ आणि पुढे दोन आठवडे सगळं घर हवालदिल.

तुमचं वय ४० च्या आत आहे म्हणून एचयू आणि बाकीचे हार्मोन मात्र नीट तपासून घ्या, तरुण वयात अशी गाठ कमी सापडते म्हणून आम्ही जरा जास्त बारकाईने बघतो. परत टेस्ट १.८ च्या आत आली आणि एचयू १० च्या आत असेल तर विषय संपला.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला असतो, मूळचा नाशिकचा, वय ४७. डेक्सा टेस्ट ११८ आली (इथे नॅनोमोलमध्ये देतात), परत केली तरी तेवढीच. एसीटीएच खूप कमी. बीपीच्या तीन गोळ्या, तरी १४५ च्या आसपास. दोन वर्षांपूर्वी डायबेटीस निघाला. गाठ ३.१ सेंटिमीटर, एकाच बाजूला, साधी आहे म्हणतात. इथले डॉक्टर म्हणतात ऑपरेशन हवं तर करू, नको तर नको, तुम्ही ठरवा. आई फोनवर रडते, म्हणते चाकू लावू नको. काय करू?

दादा, ११८ ला २७.६ ने भागा, ४.३ येतं. म्हणजे सोलापूरच्या ताईंपेक्षा जास्तच. तिकडची रेघ ५० नॅनोमोल, तीच आपली १.८.

‘तुम्ही ठरवा’ हे ऐकून पेशंटला वाटतं डॉक्टर जबाबदारी झटकतायत, तसं नाहीये, गाईडलाईनच असं सांगते की माणूस बघून, त्याच्याशी बोलून ठरवा. त्यामागचा पुरावा काय आहे तो तुमच्यापुढे ठेवतो, मग माझं मत सांगतो.

गाठ आणि हृदय यांचा संबंध आहे हे आता बऱ्यापैकी पक्कं झालंय. इटलीत बोलोन्याच्या डॉक्टरांनी १९८ पेशंट १५ वर्षांपर्यंत मागे जाऊन बघितले आणि २०१४ मध्ये छापलं, ज्यांचं कोर्टिसोल दबत नव्हतं त्यांना हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे झटके जास्त आले. स्वीडनमध्ये १०४८ जणांचा अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यात डेक्सानंतरचा आकडा जितका वर तितका मृत्यूचा धोका जास्त. २०२२ मध्ये दोन मोठे आले. एकात १३०५ पेशंट, सौम्य कोर्टिसोलवाल्यांना बीपी जास्त, आणि त्यांना तीन किंवा जास्त गोळ्या लागण्याचं प्रमाणही जास्त, डायबेटीस असेल तर इन्सुलिनवर जाण्याचंही. दुसऱ्यात साडेतीन हजारांच्या वर पेशंट, त्यात मृत्यूचा फरक सगळ्यात ठळक दिसला तो ६५ च्या आतल्या बायकांमध्ये. हे वाचून मला स्वतःला धक्का बसला होता, कारण या वयातल्या बायकांचं बीपी, वजन, थकवा आपण सगळेच, डॉक्टर धरून, ‘मेनोपॉज आहे’ या दोन शब्दांत गुंडाळतो.

पण हे सगळे अभ्यास नुसतं निरीक्षण करणारे. त्यातून संबंध दिसतो, गाठ काढल्यावर काय होतं ते कळत नाही. त्यासाठी चिठ्ठी टाकून अर्ध्यांचं ऑपरेशन आणि अर्ध्यांना फक्त औषध अशी ट्रायल लागते, आणि अशा ट्रायल थोड्या आणि छोट्या आहेत. त्यातली फ्रेंच डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेली २०२५ मध्ये आली, ५२ जण, सगळे बीपीवाले. ऑपरेशन झालेल्यांमध्ये बीपीच्या गोळ्या कमी झाल्या, काहींच्या पूर्ण बंद झाल्या. इटलीतल्या आधीच्या ट्रायलमध्येही बीपी सुधारणारे ऑपरेशनच्या बाजूला जास्त होते. शुगरचं चित्र तेवढं स्वच्छ नाही, कुणाची सुधारते कुणाची तशीच राहते, आणि वजन झपाझप उतरेल ही अपेक्षा तर ठेवूच नका. ऑपरेशन केल्याने हार्ट अटॅक कमी होतात असं सिद्ध करणारी मोठी ट्रायल मात्र अजून झालेली नाही, तसं कुणी ठामपणे सांगत असेल तर तो जरा पुढे पळतोय.

माझं मत म्हणाल तर तुमच्यासारख्या माणसात मी ऑपरेशनच्या बाजूने झुकतो. वय ४७, म्हणजे पुढे ३० वर्षं त्या टपटपणाऱ्या नळाखाली काढायची. गाठ एकाच बाजूला. एसीटीएच दबलेलं. तीन गोळ्यांना न ऐकणारं बीपी आणि नवा डायबेटीस. मात्र त्याआधी अल्डोस्टेरॉन-रेनिन झालंय का ते विचारा, तीन गोळ्या आणि तरी १४५ म्हटल्यावर ते राहून चालणार नाही. एचयू १० च्या वर असेल तर मेटानेफ्रिनची टेस्टही, कारण फिओक्रोमोसायटोमा नावाची अ‍ॅड्रेनलिन सोडणारी गाठ असेल तर आधी तयारी न करता भूल देणं म्हणजे विस्तवाशी खेळ.

आईंना सांगा, हे दुर्बिणीतून होतं, पोटावर किंवा पाठीवर तीन-चार छोटी भोकं, बहुतेक लोक दोन-तीन दिवसांत घरी. सर्जनला मात्र एकच प्रश्न विचारा, अ‍ॅड्रेनलची ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? आणि चाकू नकोच असं ठरलं तरी तो काही गुन्हा नाही, मग बीपी १३० च्या आत आणायला चौथी गोळी, बऱ्याचदा ती स्पायरोनोलॅक्टोन असते, शुगरला नीट औषध, स्टॅटिन, आणि दरवर्षी हिशेब. ‘ऑपरेशन नको’ याचा अर्थ ‘काहीच नको’ असा होत नाही, आणि खरं सांगू का, नुकसान होतं ते इथेच होतं, लोक ऑपरेशनला नाही म्हणतात आणि मग तीन वर्षं कुणालाच दाखवत नाहीत.

आईचं वय ७६, नागपूर. दोन्ही बाजूंना गाठी, २ सेंटिमीटरच्या आत, डेक्सा २.९. बीपीची एक गोळी, बीपी छान असतं, शुगर नाही. रोज फिरायला जाते. ऑपरेशन?

नाही. दोन्ही बाजूंच्या गाठींत असं सौम्य कोर्टिसोल जास्त वेळा दिसतं, पण दोन्ही ग्रंथी काढल्या तर आयुष्यभर स्टेरॉईडच्या गोळ्या, ७६ व्या वर्षी इतक्या छान चाललेल्या बाईला तो ताप कशाला. घरी मशीनवर आठवड्यातून दोनदा बीपी, वर्षातून एकदा शुगर-लिपिड. एक गोष्ट मात्र करा, त्यांची उंची मोजा आणि जुन्या कुठल्या कागदावर उंची असेल तर ताडून बघा. कोर्टिसोल मणके आतून पोखरतं, आणि मणका दुखल्याशिवायही चेपतो. तीन-चार सेंटिमीटर कमी झाली असेल तर पाठीच्या मणक्यांचा एक्स-रे काढा. गंमत म्हणजे तोच सीटी बाजूने बघितला तर मणके त्यातही दिसतात, रेडिओलॉजिस्टला विचारलं तर सांगेल.

इन्स्टावर ‘कोर्टिसोल फेस’ आणि कोर्टिसोल डिटॉक्सचे रील्स येतात. अश्वगंधा, सकाळी मीठ-लिंबू पाणी वगैरेने गाठीचं कोर्टिसोल कमी होईल का?

गाठ पिट्युटरीचं ऐकत नाहीये, ती लिंबूपाण्याचं काय ऐकणार!

टेन्शनने वाढणारं कोर्टिसोल आणि गाठीचं कोर्टिसोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि ज्याचं बीपी आधीच वर आहे त्याने सकाळी उठून मीठ प्यायचं हे कुणी सुचवलं कोण जाणे, ते तर आजच बंद करा. अश्वगंधेने गाठ जात नाही, उलट टेस्टच्या आधी असलं काही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा म्हणजे रिपोर्ट वाचताना घोळ नको. झोप, चालणं, लोणचं-पापड कमी, हे करा, जरूर करा, ते हृदयासाठी, गाठीसाठी नाही.

कोल्हापूर जिल्हा, वय ६२. गुडघ्यासाठी एकाकडून पुड्या घेतो, ४ वर्षं झाली, खूप गुण आला. पण तोंड गोल झालंय, शुगर निघाली, बीपी वाढलं. भाचा मेडिकलला आहे, त्याने अ‍ॅड्रेनलच्या गाठीचा संशय घेतला. पण सकाळचं कोर्टिसोल ०.६ आलं. गाठ असून कोर्टिसोल एवढं कमी कसं?

काका, इथे ‘लो’ खरंच लो आहे, आणि तुम्हाला गाठ नसावी.

भाच्याची नजर चांगली आहे, चेहरा बघून त्याला बरोबर शंका आली, फक्त स्टेरॉईड आतून येत नाहीये, त्या पुडीतून येतंय. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉईड मिसळलेलं असणं ही काही नवी गोष्ट नाही, चार दिवसांत गुण येतो तो त्याचाच. बाहेरून इतकं स्टेरॉईड मिळाल्यावर तुमच्या स्वतःच्या ग्रंथी झोपी गेल्यात, म्हणून ०.६. परिणाम मात्र शरीरावर तेच, शुगर, बीपी, पातळ कातडी, हृदयावर ताण, किंबहुना सौम्य गाठीपेक्षा कितीतरी जास्त. गोरं करणारी क्रीम वर्षानुवर्षं लावणाऱ्या, सांध्यात सारखी इंजेक्शनं घेणाऱ्या काहींचंही हेच होतं.

आता नीट वाचा, ही पुडी एकदम बंद करायची नाही. उद्यापासून फेकून दिली तर ग्रंथी झोपलेल्या, बाहेरचं बंद, आणि साधा ताप आला तरी बीपी पार खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. पुड्या पिशवीत घालून फिजिशियन किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे जा, ते त्याऐवजी मोजून डोस देतील आणि महिनोन्‌महिने हळूहळू उतरवतील. लाजू नका सांगायला, आमच्या ओपीडीत हे रोजचं आहे.

ठाण्याहून लिहितोय. बायकोचं (वय ४९) उजव्या अ‍ॅड्रेनलच्या गाठीचं ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झालं. बीपीच्या गोळ्या दोनावरून एकावर आल्या. घरी सोडताना हायड्रोकोर्टिसोन दिलं होतं, सकाळी आणि दुपारी. पण माझे मामा म्हणाले स्टेरॉईड वाईट, कोर्टिसोल जास्त म्हणून तर ऑपरेशन केलं ना, मग परत तेच का खायचं? मलाही पटलं. पाच दिवस बंद केलंय. आता सारखं मळमळतं, उठली की चक्कर येते, काल दोनदा उलटी झाली. हा ऑपरेशनचा अशक्तपणा आहे का?

हे पत्र दुपारी ईमेलवर आलं आणि छापायची वाट न बघता संपादकांनी तुमचा नंबर शोधून मला दिला, ते तुम्हाला माहीतच आहे. इथे उत्तर देतोय ते बाकीच्या वाचकांसाठी, कारण मामांचं लॉजिक ऐकायला अगदी बरोबर वाटतं.

एका बाजूची गाठ वर्षानुवर्षं कोर्टिसोल पुरवत होती, तेव्हा पिट्युटरी गप्प बसली होती, आणि ती गप्प म्हणून दुसऱ्या बाजूची चांगली ग्रंथीही हातावर हात ठेवून बसली होती. गाठ काढली म्हणजे एका क्षणात पुरवठा बंद, आणि दुसरी ग्रंथी लगेच कामाला लागतेच असं नाही, तिला जाग यायला काही आठवडे ते काही महिने, कधी वर्षही लागतं. सौम्य कोर्टिसोलवाल्यांतही साधारण निम्म्या लोकांना हे होतं, म्हणून ऑपरेशनच्या वेळेपासूनच हायड्रोकोर्टिसोन देतात. गाठीचं कोर्टिसोल दिवसरात्र टपकायचं, हे सकाळी जास्त दुपारी कमी असं मोजून मापून, निसर्ग देतो तसं. बंद कधी करायचं हे आदल्या दुपारचा आणि त्या सकाळचा डोस न घेता सकाळचं कोर्टिसोल तपासून डॉक्टर ठरवतात, मामा नाही.

मळमळ, चक्कर, उलटी, खूप झोप, हे सगळं हायड्रोकोर्टिसोन घेणाऱ्या किंवा नुकतंच सोडलेल्या माणसाला झालं तर तो अशक्तपणा समजून लिंबू सरबत देत बसायचं नाही. ताप आला तर डोस दुप्पट, उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर लगेच हॉस्पिटल आणि हायड्रोकोर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, रात्री दोन वाजले असले तरी. पाकिटात, मोबाईलच्या कव्हरमागे एक चिठ्ठी ठेवा, ‘अ‍ॅड्रेनलचं ऑपरेशन झालंय, स्टेरॉईड चालू आहे, बेशुद्ध असेन तर हायड्रोकोर्टिसोन द्या’, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही.

वाचकांना उत्सुकता असेल म्हणून सांगतो, वहिनींचं वरचं बीपी हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर ८४ होतं. इंजेक्शन आणि सलाईन लागलं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठून बसल्या आणि चहाबरोबर खारी मागितली. आता गोळ्या चालू आहेत. परवा यांचा मेसेज आला, बीपीची उरलेली एक गोळी कधी बंद होईल म्हणून. दादा, तीन महिने थांबा, घरचं बीपी वहीत लिहून ठेवा, आणि ती वही दाखवल्याशिवाय या वेळी कुणाच्याही सांगण्यावरून काहीही बंद करायचं नाही.